टोपीकरांना जागा देताना राजे काय पाहत होते?

एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: कोचीनच्या राजापासून पुण्याच्या पेशव्यांपर्यंत इतक्या सत्ताधीशांनी युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांशी तह केले, त्यांना जागा दिल्या, त्यांच्या तोफा आपल्याच शेजाऱ्यावर चालवल्या. हे लोक उद्या डोक्यावर बसतील हे एकालाही दिसलं नाही का, की ही गद्दारीच होती? तिच्या पुस्तकात याचं उत्तर दोन शब्दांत दिलेलं आहे: आपसातली फूट.

मी गेली तीसेक वर्षं मोडी कागद वाचतो आणि वाचायला शिकवतो. तहांची कलमं, कौलनामे, वखारींच्या यादी हाताखालून गेल्या आहेत. त्या जोरावर सांगतो, 'फूट' या शब्दाने फारसं काही कळत नाही. फूट पडायला आधी एक असावं लागतं. 1500 साली कालिकतचा सामुतिरी, म्हणजे ज्याला आपण झामोरिन म्हणतो तो, आणि कोचीनचा राजा हे काही भांडलेले भाऊ नव्हते. एक खंडणी घेणारा होता, दुसरा देणारा. देणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर परक्याशी केलेला तह वेडेपणाचा वाटत नाही. आपल्याला काय मिळणार हे बहुतेक राजांना नेमकं कळत होतं. आपण काय देतोय याचा हिशेब मात्र त्यांनी जमिनीच्या मापाने केला, आणि समोरचा माणूस समुद्राच्या मापाने मागत होता. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती फिरतं.

कोचीनपासून सुरुवात करू, कारण तिथे हा व्यवहार सगळ्यात उघडा दिसतो.

वास्को द गामा मे 1498 मध्ये कालिकतला आला. सामुतिरीसाठी त्याने नजराणा काढला तो असा: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तुकडे, काही टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुवायची भांडी, साखर, तेल आणि मध. दरबारचे लोक ते पाहून हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, असं त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं. कालिकतला पोर्तुगिजांची काही गरजच नव्हती. अरब, गुजराती आणि मापिळ्ळा, म्हणजे केरळी मुसलमान, व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या त्या बंदरात माल भरत होते आणि त्यांच्या जकातीवर सामुतिरीचा खजिना चालत होता. 1500 साली काब्राल हा पोर्तुगीज सरदार आला, त्याने वखार घातली, व्यापारावरून अरबांशी तंटा काढून त्यांचं एक जहाज पकडलं. दंगल उसळली आणि वखारीतली पन्नासावर माणसं मारली गेली. काब्रालने शहरावर तोफा डागल्या आणि डिसेंबर संपता संपता तो दक्षिणेला कोचीनच्या खाडीत शिरला.

तिथल्या राजाने त्याला ठेवून घेतलं. का, हे समजायला त्या राजाची अवस्था पाहायला हवी. दुआर्ते बार्बोझा नावाचा पोर्तुगीज अंमलदार त्या काळात मलबारात अनेक वर्षं राहिलेला होता. तो लिहितो, की कोचीनचा राजा दरवर्षी सामुतिरीला हत्ती देत असे, त्याला स्वतःचं नाणं पाडायची मुभा नव्हती आणि आपल्या वाड्यावर कौलं घालायचीही मुभा नव्हती. कौलं घातली तर राज्य जाई. केरळातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हे कलम किती बोचरं होतं ते वेगळं सांगायला नको. राजा असून झावळ्यांच्या छपराखाली राहायचं, आणि तेही कोणाच्या तरी हुकमाने.

आणि त्याच राजाकडे बंदर होतं. 1341 च्या पुरात पेरियार नदीने वाट बदलली, कोडुंगल्लूरचं जुनं बंदर गाळाने निकामी झालं आणि कोचीनचं मुख खुलं झालं. मिरी मागच्या डोंगरातून होड्यांनी थेट धक्क्यापर्यंत येत होती. बंदर आहे, माल आहे, पण मोठं गिऱ्हाईक कालिकतला जातं आणि वरचा धनी उठू देत नाही. अशा माणसाच्या दारात तोफा बसवलेली जहाजं घेऊन कालिकतचा वैरी उभा राहिला. त्याने दार उघडलं यात नवल कसलं?

त्याने शब्द पाळला, तोही मोठी किंमत देऊन. 1503 मध्ये सामुतिरीने निरोप पाठवला, की तुझ्याकडचे पोर्तुगीज माझ्या हवाली कर. राजाने नकार दिला. सामुतिरीची फौज चालून आली, लढाईत कोचीनचे राजपुत्र पडले, कोचीन जळलं, राजा वैपीन बेटावरच्या देवस्थानाच्या आश्रयाला गेला. मूठभर परक्यांना देऊन टाकलं असतं तर हे सगळं टळलं असतं. त्याने ते केलं नाही. वाचताना मला या माणसाबद्दल नेहमी आदर वाटतो, आणि त्याला भोळा म्हणणाऱ्यांचा राग येतो.

सप्टेंबर 1503 मध्ये पोर्तुगालहून नवी जहाजं आली, राजा परत गादीवर बसला, आणि कृतज्ञतेपोटी त्याने किल्ला बांधायला जागा दिली. माडाच्या खोडांच्या दोन रांगा आणि मध्ये माती, असा तो कोट होता. पोर्तुगालच्या राजा मानुएलचं नाव त्याला दिलं गेलं. हिंदुस्थानच्या भूमीवरचा युरोपीयांचा हा पहिला किल्ला. जागा किती? खाडीच्या तोंडावरचा एक तुकडा. राजाच्या महसुलात त्याने काहीच फरक पडणार नव्हता. पण खाडीचं तोंड म्हणजे आख्खं बंदर, हे जहाजवाल्याला कळतं. पुढच्याच वर्षी सामुतिरी पुन्हा चालून आला, तेव्हा दुआर्ते पाशेकू नावाच्या सरदाराने सुमारे दीडशे पोर्तुगीज आणि कोचीनचे नायर घेऊन खाडीचे उतार कित्येक महिने रोखून धरले. सामुतिरी मागे फिरला. 1505 मध्ये पहिला व्हाइसरॉय आल्मेडा आला आणि त्याने पोर्तुगालहून आणलेला सोन्याचा मुकुट कोचीनच्या राजाच्या डोक्यावर ठेवला.

या क्षणी राजाने हिशेब मांडला असता तर तो नफ्यातच निघाला असता. खंडणी गेली, वैरी हरला, मुकुट मिळाला. तोटा दिसायला वेळ लागला. मिरीचा भाव 1503 साली ठरवून घेतला गेला आणि बाजार कुठल्या कुठे गेला तरी पुढे कित्येक दशकं तोच भाव रेटला गेला. साहजिकच पिकवणाऱ्यांनी मिरी डोंगर ओलांडून पूर्वेकडे न्यायला सुरुवात केली आणि ती अडवायची जबाबदारीही राजावरच आली. 1510 मध्ये गादीचा वाद निघाला तेव्हा घराण्याची रीत बाजूला सारून पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने आपल्या मर्जीतल्या राजालाच टिकवलं. दहा वर्षांपूर्वी राज्यावर कोण बसावं यात सामुतिरी हात घालत होता, आता पोर्तुगीज घालू लागले.

कोचीनला गेलात तर मट्टणचेरीचा वाडा नक्की पाहा. पोर्तुगिजांनी तो 1555 च्या सुमारास बांधून राजाला भेट दिला. चौसोपी बांधणी, मधल्या चौकात पळयन्नूर भगवतीचं देऊळ, आतल्या भिंतींवर रामायणाची चित्रं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चित्रं पाहून बाहेर आलो, चौकातून वर पाहिलं आणि बार्बोझाचं ते वाक्य आठवलं. वाड्यावर उतरती कौलं होती. ज्या राजाच्या पूर्वजाला कौलं घालायची बंदी होती, त्याच्या घराण्याला परक्यांनी कौलारू वाडा बांधून दिला. त्या तहाने काय मिळालं याचं उत्तर त्या छपरावर आहे. आणि लोक त्या वाड्याला आज 'डच पॅलेस' म्हणतात, कारण जानेवारी 1663 मध्ये डचांनी पोर्तुगिजांना तिथून हुसकावलं आणि वाड्याची डागडुजी करून तो आपल्या मर्जीच्या राजाला दिला. आश्रयदाता बदलला, कलमं जवळपास तीच राहिली.

आता सामुतिरीकडे वळतो, कारण त्याची गोष्ट मराठी वाचकाला जास्त लागेल. शंभर वर्षं तो पोर्तुगिजांशी लढला. समुद्रावरची त्याची बाजू सांभाळली कुंजाली मरक्कार या घराण्याने. हलक्या, वल्ह्यांच्या नावा घेऊन खाडीतून बाहेर पडायचं, मोठं जहाज गाठायचं आणि उथळ पाण्यात परत शिरायचं, ही त्यांची लढाई. पण चौथा कुंजाली डोईजड झाला. कोट्टक्कलला त्याचा स्वतःचा किल्ला होता आणि तो स्वतःला समुद्राचा धनी म्हणवू लागला. सामुतिरीला आपलाच सरदार जास्त धोक्याचा वाटला, आणि त्याने त्याला मोडण्यासाठी कोणाशी तह केला? पोर्तुगिजांशी. जमिनीकडून सामुतिरी, समुद्राकडून पोर्तुगीज. 1600 साली कोट्टक्कल पडलं. कुंजालीने जिवाच्या अभयावर सामुतिरीपुढे तलवार ठेवली. पोर्तुगिजांनी त्याला तिथेच ओढून नेलं आणि गोव्यात त्याचा शिरच्छेद केला. ही हकीकत लक्षात ठेवा. दीडशे वर्षांनी आपल्या कोकणात ती जवळजवळ तशीच घडली, आणि तिथे येईपर्यंत मी बाकीचं भराभर सांगतो.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह काही दुबळा राजा नव्हता. पण 1534 मध्ये हुमायून त्याच्यावर चालून यायच्या बेतात होता. दोन आघाड्या झेपणार नाहीत म्हणून त्याने डिसेंबर 1534 मध्ये पोर्तुगिजांशी तह करून वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख देऊन टाकला. त्यात साष्टी होती आणि मुंबईची बेटंही होती. चांपानेर, मांडू यांच्यासमोर या खाजणांची किंमत ती काय! तहात आणखी एक कलम होतं, ज्याकडे विद्यार्थी लक्ष देत नाहीत: तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईला येऊन पोर्तुगीज परवाना घ्यायचा. या परवान्याला कारताझ म्हणत. तो नसेल तर जहाज पकडायचं, माल जप्त करायचा. म्हणजे सुलतानाने मुलूख दिला तो थोडा, पण आपल्या व्यापाऱ्यांनी कोणाच्या परवानगीने समुद्रात जायचं हा हक्कच देऊन टाकला. पुढच्या वर्षी हुमायूनने त्याचं राज्य घेतलंच, तेव्हा त्याने मदतीच्या आशेने दीवमध्ये किल्ल्याला जागा दिली. हुमायून परत गेला, राज्य पुन्हा हाती आलं, सुलतानाला दिलेलं परत हवंसं वाटू लागलं, आणि फेब्रुवारी 1537 मध्ये दीवजवळ समुद्रात पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत तो मारला गेला. वसई परत घ्यायला मे 1739 उजाडावा लागला, आणि त्यासाठी चिमाजी अप्पांना किती माणसं खर्ची घालावी लागली ते आपल्याला घरोघरी माहीत आहे.

मुघलांचं गणितही असंच. जमिनीवर त्यांना तोड नव्हती, पण हजची जहाजं मात्र पोर्तुगिजांच्या परवान्यावर जात. 1613 मध्ये पोर्तुगिजांनी 'रहिमी' हे जहाज पकडलं. ते खुद्द जहांगीरच्या आईचं होतं आणि त्याच्याकडे परवाना होता. त्याच्या आदल्याच वर्षी सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगिजांना मागे रेटलं होतं. बादशहाने इंग्रजांना वखार घालू दिली यामागे एका फिरंग्यावर दुसरा फिरंगी सोडायचा साधा विचार होता. स्वतःचं आरमार उभारण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं.

इथे तुम्ही म्हणाल, मग वेगळा हिशेब करणारा कोणी होता की नाही? होता. म्हणून तर मला 'त्यांना कळतच नव्हतं' हे उत्तर मान्य नाही.

1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी त्याला दारूगोळा पुरवला आणि आपलं निशाण लावून गडावर तोफा डागल्या. शिवाजी महाराजांनी पुढच्या वर्षी राजापूर लुटलं, वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं. पुढची तेरा वर्षं इंग्रज भरपाई मागत राहिले. राज्याभिषेकाच्या वेळी, जून 1674 मध्ये, हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तो नजराणा द्यायला आणि हा तह पुरा करायला. वाटाघाटी निराजीपंतांच्या मार्फत झाल्या. राजापूरच्या भरपाईपोटी 10,000 होन कबूल झाले, वखारींना परवानगी मिळाली, जकात शेकडा 2.5 ठरली. इथवर सगळं नेहमीचं.

अडलं ते दोन कलमांवर. इंग्रजांचं म्हणणं होतं, की आमचं नाणं तुमच्या राज्यात चालावं आणि आमचं फुटलेलं जहाज किनाऱ्याला लागलं तर माल आम्हाला परत मिळावा. नाण्याबद्दल महाराजांचं उत्तर असं, की मी कोणाच्या नाण्याला मनाई करत नाही, पण ज्यात रयतेचा तोटा आहे ते नाणं घ्या असा हुकूमही तिच्यावर करणार नाही. तुमचं नाणं कसाला आणि वजनाला मुघलांच्या तोडीचं असेल तर ते आपोआप चालेल. आणि फुटक्या जहाजाबद्दल: किनाऱ्याला लागलेला माल परत करायचा नाही हा कोकणचा दस्तूर आहे, तुम्हाला सवलत दिली तर उद्या फ्रेंच आणि डच तीच मागतील.

ही दोन उत्तरं मी वर्गात दरवर्षी वाचून घेतो. दिसायला किरकोळ कलमं, पण एक टांकसाळीच्या हक्काला हात घालणारं आणि दुसरं किनाऱ्याच्या हक्काला. समोरच्याने जिथे सहज म्हणून हात पुढे केला, तिथेच तो अडवला गेला. तहात काय दिलं याइतकंच काय नाकारलं हेही पाहायचं असतं, आणि ते कळतं बोलणी करणाऱ्याच्या पत्रांतून. म्हणून नुसता तहाचा कागद वाचून थांबू नका. आणि तह झाला म्हणून महाराज गाफील राहिले नाहीत. जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार मुंबईत पावसाळा काढतं हे त्यांना दिसत होतं. 1679 मध्ये त्यांनी मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर तट उभारायला घेतला. इंग्रजांनी जहाजं पाठवली, मायनाक भंडारींच्या माणसांनी त्यांच्या डोळ्यांदेखत काम चालू ठेवलं, आणि शेवटी इंग्रजांना ते मान्य करावं लागलं.

हे शहाणपण पुढे लिहूनही ठेवलं गेलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात साहुकारांचं प्रकरण आहे, त्यात टोपीकरांबद्दल स्वच्छ बजावलं आहे, की हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, आणि हाती आलेली जागा हे लोक मेल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणून वखारीला जागा द्यावी ती समुद्रकाठी देऊ नये, खाडीने आत, भर वस्तीत द्यावी, आणि त्यांना पक्की इमारत बांधू देऊ नये. कोचीनच्या राजाने नेमकं काय चुकवलं होतं, त्याचं हे पुरं उत्तर आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते मराठीत लिहिलेलं होतं.

आणि त्या काळात समुद्राच्या मापाने विचार करणारा माणूस आपल्याकडे होताही. कान्होजी आंग्रे यांनी पोर्तुगिजांची कारताझची पद्धत उलटी फिरवली: माझ्या समुद्रातून जायचं तर माझं दस्तक घ्या. इंग्रजांना ते झोंबलं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर आले, थोरले बाजीराव आंग्र्यांच्या मदतीला धावले, पोर्तुगिजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवत परतले. लक्षात घ्या, तेव्हा पेशवा आणि आंग्रे एका बाजूला होते.

1729 मध्ये कान्होजी गेले. मुलांत कुलाबा आणि विजयदुर्ग असे दोन भाग झाले. त्यांचा मुलगा तुळाजी विजयदुर्गाला आला तोपर्यंत पेशव्यांशी संबंध बिघडलेले होते, आणि शाहू महाराज गेल्यावर तो पुण्याला अजिबात जुमानेना. महसूल देईना, पेशव्यांच्या मुलखातल्या व्यापाऱ्यांनाही सोडेना. नानासाहेबांच्या बाजूनेही पाहिलं पाहिजे. राज्याचा सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख, म्हणवायचं आणि राज्यालाच त्रास द्यायचा, हे कोणता कारभारी चालवून घेईल? पण तुळाजीला जमिनीवरून जिंकता येत नव्हतं. विजयदुर्गाच्या तटावर उभे राहा म्हणजे कारण कळतं. तीन बाजूंना पाणी, पाठीशी वाघोटण खाडी, आत गिर्येला खडकात खोदलेली गोदी. जमिनीकडून वर्षभर वेढा घातला तरी दाणागोटा समुद्रातून येणार. त्याला आरमारानेच कोंडायला हवं होतं, आणि पेशव्यांकडे आंग्र्यांना भारी पडेल असं आरमार नव्हतं. ते मुंबईकर इंग्रजांकडे होतं.

मार्च 1755 मध्ये रामाजी महादेव बिवलकरांच्या मार्फत तह झाला. त्याची कलमं समजून घ्या. समुद्रावरचा हुकूम इंग्रजांचा. पकडलेली जहाजं वाटून घ्यायची. किल्ले आणि किल्ल्यांतला ऐवज पेशव्यांचा. कामगिरीबद्दल इंग्रजांना बाणकोट, म्हणजे हिंमतगड, आणि लगतची काही गावं. पुण्यात बसून वाचलं तर हा तह आपल्याच फायद्याचा वाटतो: सगळे किल्ले आपले, आणि बदल्यात सावित्रीच्या मुखावरचा एक लहानसा कोट. पण पहिलंच कलम पुन्हा वाचा. समुद्रावरचा हुकूम परक्याचा.

एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि तो ठरल्याप्रमाणे पेशव्यांना मिळाला. विश्वास बसला. तेवढ्यात ॲडमिरल वॉटसनच्या हाताखालचं इंग्लंडच्या राजाचं आरमार आणि कर्नल क्लाइव्ह मुंबईत आले. त्यांना दख्खनमध्ये फ्रेंचांविरुद्ध वापरायचा बेत होता, तो बारगळला होता आणि जहाजं रिकामी उभी होती. फेब्रुवारी 1756 मध्ये ती विजयदुर्गावर निघाली. निघण्याआधीच मुंबईत बसून इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीची आपसातली वाटणी ठरवली. तीत मराठ्यांचा वाटा नव्हता.

तुळाजी त्या वेळी किल्ल्यात नव्हता. तो जमिनीकडच्या मराठा छावणीत तहाचं बोलणं करायला आला होता. मराठ्यांशी समेट होऊन किल्ला परस्पर पेशव्यांकडे गेला तर लूट जाईल, हे इंग्रजांनी ओळखलं. 12 फेब्रुवारीला दुपारी तोफा सुरू झाल्या. एक पेटता गोळा तुळाजीच्या ताफ्यातल्या एका मोठ्या जहाजावर पडला. हे जहाज त्याने पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून आणलेलं होतं. गुराबा आणि गलबतं तटाखाली एकमेकांना बांधलेली होती, त्यामुळे आग एकीवरून दुसरीवर गेली आणि संध्याकाळपर्यंत सगळं आरमार जळालं. कान्होजींपासून दोन पिढ्यांनी उभं केलेलं आरमार एका दुपारी गेलं. त्याच रात्री क्लाइव्हने आपली माणसं किनाऱ्यावर उतरवली, ती मराठ्यांची फौज किल्ल्यात शिरू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती आला. दोनशेच्या वर तोफा आणि सुमारे 10 लाख रुपयांचा ऐवज त्यांनी आपसात वाटला. कलम काय होतं? किल्ल्यांतला ऐवज पेशव्यांचा.

तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडला तो पुन्हा सुटला नाही. कुंजाली आणि तुळाजी या दोघांच्या हकीकती शेजारी ठेवल्या म्हणजे माझं म्हणणं स्पष्ट होईल. दोघेही धन्याला डोईजड झाले होते, ही तक्रार खरी होती. दोघांच्याही धन्याला वाटलं, की एक उर्मट सरदार मोडतोय. समुद्रावरून पाहिलं तर त्या किनाऱ्यावर परक्याला अडवू शकेल असं जे एकच बळ होतं ते मोडलं जात होतं, आणि परक्याने मदत दिली ती याचसाठी. विजयदुर्गाला पुढे पेशव्यांचा आरमारी सुभा बसला, आनंदराव धुळपांनी 1783 मध्ये इंग्रजांच्या 'रेंजर'शी झुंज घेऊन ती जिंकली, त्यांचं मोल मी कमी करत नाही. पण मुंबईच्या जहाजांनी आंग्र्यांचं दस्तक घ्यायचे दिवस गेले ते गेलेच.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा राहिलेला भाग: ही गद्दारी होती का? माझ्या मते नाही, आणि हा शब्द वापरला की अभ्यास तिथेच थांबतो. नानासाहेबांनी राज्य विकलं नाही, त्यांनी हुकूम न मानणाऱ्या सरदाराचा बंदोबस्त केला. चूक त्याहून बारीक आणि त्याहून महाग होती. जे काम स्वतःचं आरमार वाढवून दहा वर्षांत झालं असतं, ते एका हंगामात उरकण्यासाठी त्यांनी भाड्याने घेतलं. आणि ज्याच्याशी तह केला तो पक्ष मरत नव्हता. राजा गेला की गादीचा वाद, नवा कारभारी, नवं धोरण. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीत गव्हर्नर बदलले तरी जुना तह कपाटात शाबूत राही आणि वीस वर्षांनी त्यातलं कलम काढून पुढे ठेवलं जाई. आपल्याकडच्या दफ्तरात तोच कागद रुमालात बांधलेला असे, पण तो सोडून पाहणारा माणूस बदललेला असे.

म्हणून तह वाचायला घ्याल तेव्हा किल्ल्यांची आणि गावांची यादी सगळ्यात शेवटी पाहा. आधी जागा समुद्रापासून किती आत आहे ते पाहा, मग परवाना कोण कोणाला देतो, मालाचा भाव कोण ठरवतो आणि लढाईत जहाजांवर हुकूम कोणाचा. नकाशा शेजारी उघडा ठेवा. बाणकोट नुसतं वाचलं तर खेडं वाटतं, पण नकाशावर ते मुंबईच्या दक्षिणेला सावित्री नदीचं तोंड आहे. मुंबईला लागणारी गुरं, लाकूड आणि माणसं जिथून येत होती तो मुलूख त्या तोंडामागे आहे.

विजयदुर्ग इंग्रजांनी लगेच सोडलाच नाही. त्याऐवजी बाणकोट परत घ्या आणि विजयदुर्ग आमच्याकडेच राहू द्या, असं ते म्हणू लागले. नानासाहेबांनी ते मानलं नाही, महिनोन्‌महिने पत्रं गेली. शेवटी मुंबईचे दोन वकील पुण्यात आले आणि 12 ऑक्टोबर 1756 रोजी नवा तह झाला. विजयदुर्ग पेशव्यांना परत मिळाला. बदल्यात बाणकोट कायमचं इंग्रजांचं झालं, त्याच्याबरोबर दहा गावं गेली, आणि डचांना मराठी राज्यात व्यापार करू द्यायचा नाही हे कलम आत आलं. पुण्यात या तहावर शिक्के पडले त्यानंतर चारच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, विजयदुर्गासमोर उभं राहिलेलं वॉटसनचं आरमार क्लाइव्हला घेऊन मद्रासहून बंगालकडे निघालं.